आत्याचं बीपी मशीन, माझी आरेक्स आणि भावाची जेट स्की

पहिल्यांदा इंजिन जाम झालं तेव्हा मी बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या मागच्या एका पाणंदीत होतो, तिसऱ्या गिअरात, चढ संपत आलेला, आणि आधी वाटलं पेट्रोल संपलं असणार. गाडी मऊ पडली, थ्रॉटल पिळला तर अजून मऊ, मग टाकीखालून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा कोरडा आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. क्लचकडं बोटं गेली पण उशीर झालेला. भाताचे ट्रॅक्टर जाऊन पडलेल्या चाकोरीत गाडी आडवी, मी गुडघ्यावर, आणि सगळीकडं शांत. टू स्ट्रोक बंद पडल्यावर जी शांतता होते ती दुसऱ्या कुठल्याच गाडीची होत नाही, कारण त्याआधी आपण अर्ध्या शिवाराला उठवलेलं असतं.

गाडी म्हणजे यामाहाची आरेक्स १३५, पाच गिअरची, केए २२ पासिंग. रस्त्यावर न्यायची असली की ओरिजिनल सायलेन्सर आणि आरसे लावतो, पाणंदीसाठी गुटख्याचे टायर (आमच्याकडं ठोकळ्यांच्या टायरला असंच म्हणतात, का ते विचारू नका), मागं चार दात मोठं स्प्रॉकेट, उंच हँडल. रविवारी सकाळी दोन-तीन तास, येळ्ळूर, राकसकोप, कधी जांबोटीकडं. जंगलात घालत नाही. खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, तिथं गाडी घुसवून व्हिडिओ काढणारे बघितलेत आणि त्यांच्यामुळं बाकीच्यांनी शिव्या खाल्लेल्या पण बघितल्यात. आमचं आपलं शेतातल्या वाटा आणि बंद पडलेल्या खाणी.

आता खरं सांगायचं तर इंजिन बसायच्या, म्हणजे जाम व्हायच्या, आधीचे आठ दिवस गाडी जबरदस्त पळत होती. म्हणजे मी मित्रांना फोन करून सांगितलं होतं की सेटिंग कसं जमलंय बघ, वरच्या रेसला नुसती उडतेय. फक्त एक खोड होती, सिग्नलला थ्रॉटल सोडला की रेस लगेच खाली यायची नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकायची, मग हळूच उतरायची. मी म्हटलं केबल अडकत असेल. केबलला ऑइल घातलं. प्लग काढून बघितला तर टोक पांढरं, खडूसारखं. म्हटलं छान, स्वच्छ जळतंय.

हे सगळं मी आत्ता लिहितोय तेव्हा स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय, कारण मी उद्यमबागमध्ये एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे आणि माझं काम काय तर हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कास्टिंगची लीक टेस्ट करणं. दिवसाला शेकड्यानं तुकडे. भोकं बंद करायची, हवा भरायची, पाण्यात बुडवायचं, बुडबुडा दिसला की लाल खडूनं फुली. सतरा वर्षं हेच करायलोय.

तर गाडी टेम्पोत घालून मेकॅनिककडं नेली. हेड काढलं, ब्लॉक काढला, पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे, रिंग एका जागी ॲल्युमिनियमखाली दबून गेलेली. मेकॅनिकनं बघितलं आणि एका शब्दात निकाल दिला, ऑइल. आणि मला ते लगेच पटलं, कारण माझ्या मनात चोर होता.

झालं होतं असं की माझा मावसभाऊ तारकर्लीला असतो, वॉटर स्पोर्ट्सचा धंदा, त्याच्याकडं एक जुनी यामाहाची टू स्ट्रोक जेट स्की आहे (जेट स्की हे नाव खरं कावासाकीचं, पण आपल्याकडं सगळ्याच जेट स्की, जसा सगळाच वनस्पती तूप डालडा). त्याच्याकडून येताना मी अर्धा कॅन टू-टी ऑइल उचलून आणलेलं. त्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं असतं. ते पाण्यातल्या इंजिनांसाठी असतं, राख न करणारं, कारण तिथं सिलिंडरभोवती सतत थंड पाणी फिरत असतं. आपली आरेक्स हवेवर थंड होणारी, जास्त तापणारी, तिला जासो एफसी नाहीतर एफडी ग्रेडचं ऑइल लागतं. फुकटचं म्हणून मी ते ऑइल टाकीत ओतलं होतं. मग काय, गुन्हेगार सापडला, खटला संपला.

उद्यमबागलाच बोअर मारून घेतला, म्हणजे सिलिंडर आतून घासून जरा मोठा करून घेतला. ५८ मिलिमीटरचा स्टँडर्ड बोअर, ५० चा ओव्हरसाइज पिस्टन, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, ५८.५०. तिथले मामा बोअर मारण्यात एकदम देवमाणूस आहेत, बेळगावात गल्लीबोळात लेथ आहेत पण टू स्ट्रोकचा ब्लॉक बघून पोर्टच्या कडा हातानं मारून देणारे थोडे. पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअरला हात लावत नाहीत. म्हणायचे, पिस्टनवर काय छापलंय ते मला सांगू नका, मी मापतो. माझ्यासमोर मायक्रोमीटर लावून स्कर्टचं माप घेतलं, तिथून पुढं बोअर किती ठेवायचा ते ठरवलं, शेवटी होनिंग. पोर्टच्या धारेला बारीक पट्टी घासून गोल केलं, नाहीतर रिंग तिथं अडकून तुटते. पिस्टन, रिंग, पॅकिंग सेट, बोअर आणि मेकॅनिकची मजुरी मिळून साडेचार हजाराच्या आसपास गेले. चांगलं ऑइल घातलं. पाचशे किलोमीटर म्हाताऱ्यासारखी चालवली, मागून येणारे स्कूटीवाले हॉर्न मारून पुढं जायचे.

दुसऱ्यांदा बसलं ते कणकुंबीहून परत येताना. मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी. नुकताच पाऊस थांबलेला, रस्ता मोकळा, जांबोटीच्या अलीकडं सरळ पट्टा लागला आणि मी महिनाभर दाबून धरलेला हात सोडला. सत्तर-पंच्याहत्तर, आणि तोच मऊपणा. ह्या वेळी क्लच पटकन दाबला म्हणून पडलो नाही एवढंच. रस्त्याच्या कडेला बसलो, इंजिन थंड झाल्यावर किक मारली तर फिरली. फिरली पण खरखरत. नवीन पिस्टन, नवीन बोअर, योग्य ऑइल, ऑइलचा पंप नीट चाललेला.

मेकॅनिक म्हणाला आता ७५ चा पिस्टन टाकू. मी गाडी घरी आणली आणि ताडपत्रीखाली ठेवून दिली. राग मेकॅनिकवर नव्हता खरं म्हणजे, राग ह्याचा होता की कुणालाच, मला पण, प्रश्न पडला नाही. बिघडलेला भाग बदलायचा एवढंच डोक्यात. कशानं बिघडला ते कुणी बघायचं?

आठवड्यानं जेवणाच्या सुट्टीत कंपनीत ही कहाणी सांगत होतो. आमच्या टेबलावर एक हुक्केरीकडचा आहे, कन्नडवाला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, त्याच्याकडं पूर्वी शोगन होती, ती पण टू स्ट्रोकच. त्यानं भाकरीचा तुकडा मोडत एवढंच विचारलं की थ्रॉटल सोडल्यावर रेस लटकायची काय. मी म्हटलं होय. तर म्हणाला, “गाळी तगोळ्ळाकत्तैती नोड.” हवा ओढायलीय बघ. आणि मग समोर लीक टेस्टच्या टाकीकडं बोट दाखवून हसला. बाकीचे पण हसले. मी नाही हसलो.

ज्यांना टू स्ट्रोक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं ह्यावरच आहे. फोर स्ट्रोकमध्ये खाली क्रँककेसमध्ये ऑइल भरलेलं असतं, पेट्रोलचा आणि त्याचा संबंध नाही. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, ती कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल-ऑइल ओढते, पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर ढकलते. आता क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. डावीकडचं, मॅग्नेट साइडचं सील गेलं तर ती पोकळी तिथूनही हवा ओढते, आणि ही हवा कार्बोरेटरमधून आलेली नसते, म्हणजे तिच्यात पेट्रोल नाही आणि ऑइल पण नाही. मिश्रण पातळ होतं, रेस लटकते, प्लग पांढरा पडतो, पिस्टन तापतो, फुगतो, बसतो. बसायच्या आधी गाडी भारी पळते कारण थोडं पातळ मिश्रण खरंच मस्त पळतं. उजवीकडचं, क्लच साइडचं गेलं तर ते गिअर ऑइल ओढतं, मग पांढरा धूर आणि प्लग ओला, ते निदान कळतं तरी. डावीकडचं मुकाट मारतं.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) गाडी आधीच थोडी पातळ चालते. त्याला दोष देऊन मोकळं होणारे खूप आहेत, मी पण दोन दिवस दिला. पण त्यानं एवढं होत नाही, मेन जेट एक नंबर वाढवला की भागतं.

टेस्ट करायची तर हवा किती भरायची? पाच-सहा पीएसआय बस, त्याच्यावर गेलात तर चांगलं सील पण उलटायची भीती. कंपनीतला गेज ह्याला उपयोगाचा नाही, त्याच्यावर सहा पीएसआय म्हणजे काटा हलला की नाही ते भिंगातून बघायला लागेल. कॉम्प्रेसर तर नकोच. मग घरी आलो आणि आत्याचं बीपी मशीन दिसलं. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली तेव्हापासून कपाटावर तिचं ते घड्याळासारख्या डायलचं मशीन, रबरी फुगा, पट्टा, सगळं शाबूत. डायल ३०० पर्यंत. ३०० मिलिमीटर पारा म्हणजे ५.८ पीएसआय. अरे, हे तर ह्याच कामासाठी बनवलंय की! हळूहळू हवा भरायला फुगा आहे, सोडायला स्क्रू आहे, आणि काटा एवढा मोठा की चष्म्याशिवाय दिसतो.

आत्याला सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण मित्राच्या वडिलांचं बीपी बघायचंय असं सांगितलं. ती म्हणाली, “पट्टा नीट बांध, कोपराच्या वर दोन बोटं.” मी होय म्हटलं.

पट्टा काढला, नुसत्या नळ्या घेतल्या. जुना प्लग फोडून आतलं पोर्सिलेन काढलं, त्याच्या चुडीवाल्या भागात पितळी निप्पल बसवून झाळून घेतलं, तो प्लगच्या जागी. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी, नट आवळले. कार्बोरेटर काढला, त्या रबराच्या तोंडात नायलॉनचा बूच टर्न करून ठोकला आणि क्लिप आवळली. ऑटोल्यूबची, म्हणजे ऑइल पंपाची, बारीक नळी दाबून बंद केली, नाहीतर तिथून हवा जाते आणि आपण भलतीकडंच शोधत बसतो. पिस्टन खाली आणला म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वरून भरलेली हवा खालपर्यंत जाते. मग अंगणात स्टूलावर बसून फुगा दाबायला लागलो, फुस्स फुस्स, बायको दारातून बघून आत गेली.

२०० ला काटा थांबेना. जोरात दाबून ३०० ला नेला, सोडला, आणि घड्याळ बघितलं. मिनिटाला एक पीएसआय उतरला तर चालतं म्हणतात, म्हणजे ह्या डायलवर पन्नासेक. माझा काटा वीस सेकंदात दोनशेवर आला. साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेलो. हेडला काही नाही. ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगला काही नाही. मॅनिफोल्डला काही नाही. मग डावीकडचं कव्हर काढलं, पुलर लावून मॅग्नेट ओढला, त्यामागची कॉइलची प्लेट काढली, आणि क्रँकच्या टोकाला ब्रश टेकवला. सीलच्या खालच्या कडेला, साडेपाच वाजता घड्याळाचा तास काटा असतो साधारण तिथं, मुंगीच्या अंड्यांएवढे बुडबुडे एकामागून एक, न थांबता, रांगेत. मी किती वेळ बघत बसलो माहीत नाही. सतरा वर्षांत हजारो बुडबुडे बघितलेत पण ह्या बुडबुड्यांनी माझे साडेचार हजार खाल्ले होते.

सीलची जोडी अडीचशे रुपयांच्या आत येते.

अर्थात नुसतं सील घालून भागलं नाही. क्रँक हातानं वर-खाली केला तर हलत होता, बेअरिंग गेलेलं, आणि बेअरिंग हललं की क्रँक डोलतो, डोलला की सीलचा ओठ एका बाजूनं झिजतो. म्हणून खालीच, त्या एका जागी. म्हणजे हाफ इंजिन खोलणं आलं. क्रँक मामांकडं, नवीन कनेक्टिंग रॉड, पिन, दाबून बसवून मग दोन सेंटरच्या मध्ये धरून डायल लावून ट्रू, म्हणजे सरळ केला. हे बघण्यासारखं असतं. डायलचा काटा डोलतो, मामा क्रँक फिरवतात, थांबतात, तांब्याच्या हातोडीनं एकच ठोका, परत फिरवतात. कुठं मारायचं आणि किती ते काटा सांगत नाही, ते त्यांचं त्यांना कळतं. तिसऱ्या ठोक्यानंतर काटा जवळपास झोपला. नवीन सील बसवताना ओठाला ग्रीस, आणि सरळ जावं म्हणून सॉकेटनं टकटक. जोडून झाल्यावर परत बीपी मशीन. ३०० वर नेला, चहा पिऊन आलो, २९० च्या जरा खाली. मग पिस्टन ७५ चा टाकला, कारण ५० चा बोअर खराब झालाच होता.

त्यानंतर गाडी आजपर्यंत बसलेली नाही. प्लग चहाच्या रंगाचा, असायला पाहिजे तसा. थोडी कमी उडते आधीपेक्षा, पण ते उडणं मरणाआधीचं होतं.

आता जेट स्कीचं. ऑगस्टमध्ये भावाचा फोन, म्हणतो, “अरे इंजान बसला रे. हयलो मेकॅनिक म्हणता बोअर करूक व्हया.” पावसाळ्यात पाण्यातले सगळे खेळ बंद असतात, सप्टेंबरला सुरू, त्याच्या आधी तयार पाहिजे. बसलं होतं मे महिन्यातच, शेवटच्या आठवड्यात, पण कोकणातला माणूस, आंबे फणस झाले, लावणी झाली, मग आठवलं. मी म्हटलं काहीही खोलू नको, इंजिन काढ आणि जसंच्या तसं घेऊन ये. तर पठ्ठ्या खरंच आला, पिकअपमध्ये इंजिन, त्यावर दोन ताडपत्र्या, आंबोलीच्या धुक्यातून, शिनोळीला चहा पिऊन, रात्री अकराला दारात. सोबत आत्याला कोकमं.

टू स्ट्रोक ट्विन, ७०१ सीसी, ८१ चा बोअर आणि ६८ चा स्ट्रोक. बघून मला हसूच आलं, हे म्हणजे आपल्या आरेक्सचे दोन थोराड भाऊ शेजारी उभे केलेत. रीड व्हॉल्व्ह तेच, पोर्ट तेच. आणि हा संबंध वरवरचा नाही. जेट स्कीची कल्पना ज्यानं पहिल्यांदा उभी केली तो क्लेटन जेकबसन अमेरिकेतला, मोटोक्रॉस पळवणारा माणूस. १९६० च्या दशकात त्याला वाटलं की अशी मोटरसायकल पाण्यावर पाहिजे, तिथं पडलं तर निदान लागणार नाही. आधी बॉम्बार्डिअरबरोबर, १९६८ मध्ये त्यांची सी-डू आली, मग कावासाकीबरोबर, आणि १९७३ मध्ये उभं राहून चालवायची जेट स्की बाजारात. पाणंदीत तोंडावर आपटलेल्या कुणालाही ही कल्पना लगेच पटेल.

फरक एवढाच की बाईकला श्वास घ्यायला मिळतो. उतार लागतो, वळण लागतं, थ्रॉटल सुटतो. पाण्यावर इंपेलर सतत पाणी ढकलत असतो, भार कधी सुटत नाही, पर्यटक बसला की दहा मिनिटं फुल थ्रॉटल. तिथं हवा ओढायला लागलं की बाईकला जे आठवड्यात होतं ते तिथं एका फेरीत होतं.

दोन्ही प्लग काढले. पुढचा चहा, मागचा खडू. कॉम्प्रेशन पुढच्यात १४५ पीएसआय, मागच्यात शंभरला पण पोचेना. बोअर बघायच्या आधी मी आत जाऊन बीपी मशीन आणलं. भावानं माझ्याकडं बघितलं, मग मशीनकडं, मग परत माझ्याकडं. म्हणाला, “बरो असस मां?”

इथं भोकं जास्त, दोन्ही कार्बोरेटरची तोंडं, पल्सची नळी, एक्झॉस्ट, सगळ्याला बूच करायला दोन संध्याकाळी गेल्या. ह्या वेळी एक शहाणपणा केला, नुसतं प्रेशर नाही तर व्हॅक्यूम पण बघितलं. सीलचा ओठ आतल्या बाजूला वळलेला असतो, हवा भरली की ओठ शाफ्टला उलट चिकटतो आणि वाटतं सील ठणठणीत आहे. ओढून बघितलं की खरं कळतं. ओळखीच्या कारवाल्या गॅरेजमधून ब्रेकचं ऑइल ओढायचा हातपंप आणला. प्रेशरला काटा सावकाश उतरत होता, व्हॅक्यूमला धरतच नव्हता. मागचं सील. पंपाच्या शाफ्टकडचं.

खोलल्यावर कारण समोरच होतं. सील जिथं बसतं तिथं क्रँक तांबडा, गंजून खड्डे पडलेले, बोटानं पण लागत होते. भाऊ म्हणाला तिथं पाणी कसं जाईल, ते तर बोटीच्या आत आहे. पण बोटीच्या तळात पाणी साठतं, आणि इंजिनच्या मागं पंपाचा शाफ्ट जोडणारा जो कपलर फिरतो तो त्या साठलेल्या पाण्यात बुडला की गोफणीसारखं सगळीकडं उडवतो, खारं पाणी, सरळ सीलवर. मी विचारलं, दिवसाचं काम झाल्यावर मागचे बूच काढून तळातलं पाणी सोडतोस काय. तर बराच वेळ गप्प. मग म्हणाला पोरगा करतो ते.

मग पोराची अजून एक गोष्ट निघाली. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचं असतं, होज लावून. ह्याचा क्रम आहे. आधी इंजिन चालू, मग नळ. शेवटी आधी नळ बंद, दोन-तीनदा हलकी रेस देऊन आतलं पाणी बाहेर उडवायचं, मग इंजिन बंद. कारण इंजिन बंद असताना नळ सोडला तर पाण्याला बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो, ते वॉटरबॉक्समध्ये (तिथला सायलेन्सरच तो) भरतं आणि तिथून उलटं सिलिंडरमध्ये. पोरगा बिचारा बरोबर उलटं करायचा, पेट्रोल वाचवायला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकी तो तारकर्लीतला सगळ्यात भारी चालवणारा आहे म्हणे.

मामांनी क्रँक बघितला, नखानं खड्डे तपासले, आणि कपड्यात गुंडाळून परत दिला. म्हणाले, “साहेब, हे घासून मी पैसे घेऊ शकतो, पण घेत नाही.” भावानं गोव्यातून ओळखीनं दुसरा क्रँक मिळवला, त्यात तीन आठवडे गेले आणि किती पैसे गेले ते तो अजून सांगत नाही. मागचा सिलिंडर ८१.५० ला नेला, जोडीनं पुढचा पण. इथं मामांचं आणि माझं थोडं वाजलं. ते त्यांच्या सवयीनं फिट ठेवणार होते, आणि मी म्हणत होतो की पुस्तकात आहे तेवढीच मोकळीक ठेवा, कारण समुद्राचं पाणी सिलिंडरला बाहेरून गार ठेवतं आणि पिस्टन आत तापून फुगतो, सुरू केल्या केल्या फुल थ्रॉटल दिला तर गार सिलिंडरमध्ये गरम पिस्टन अडकतो. त्यांनी ऐकलं, पण चेहरा असा की उद्या पिस्टन खडखडला तर माझ्याकडं येऊ नका.

बसवायला मी तारकर्लीला गेलो. कपलर सरळ येण्यासाठी इंजिनखाली पातळ पत्र्या सरकवत बसलो, एक संपूर्ण दुपार, पट्टी लावून बघायची, परत एक पत्री, परत बघायचं. हे नीट नसेल तर नवीन सील पण सहा महिन्यांत जातं. टाकीतलं पावसाळाभर पडून राहिलेलं पेट्रोल बाटलीत काढलं तर खाली बोटभर वेगळा थर, इथेनॉलनं हवेतलं पाणी ओढून खाली बसलेलं. ते सगळं फेकलं, नवीन पेट्रोलमध्ये ५० ला १ मिक्स, ह्या वेळी त्याचं टीसी-डब्ल्यू ३ त्याच्याच इंजिनात. पहिली टाकी अर्ध्या थ्रॉटलवर. भाऊ स्वतः चालवत होता, पर्यटकांना नाही दिली, मी किनाऱ्यावर उभा राहून आवाज ऐकत होतो आणि प्रत्येक वेळी त्यानं हात सोडला की माझा श्वास अडकायचा.

बीपी मशीन आत्याला परत केलं. तिनं नळी नाकाला लावली आणि काही न बोलता माझ्याकडं बघितलं. दिवाळीला डिजिटल आणून दिलं, ते तिला आवडत नाही, म्हणते आकडे कुणीही दाखवील.

परवा भावाचा फोन आला, मी कंपनीत होतो, लीक टेस्टच्या टाकीसमोर. हॅलो नाही काही नाही, “ऐक,” म्हणाला, आणि फोन थेट इंजिनाजवळ धरला असणार, रेस वर गेली, सुटली. मला पुढचं काही ऐकू येईना, आमचा कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच सुरू झाला. मी कान दाबून बाहेर पळालो आणि म्हटलं, परत कर, परत एकदा कर.